घरचा कागद न्यायसभेंत

एकत्र कुटुंबांतले भाऊ जोंवर एका पंक्तीला जेवतात तोंवर माळ्यावरच्या कागदांच्या रुमालाकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. वांटणीचा शब्द एकदां उच्चारला गेला कीं मात्र तो रुमाल खालीं येतो, त्याची गांठ सुटते, आणि त्या घटकेपासून कागद हा घरांतला एक नवा माणूस होऊन बसतो. थोरल्याजवळचा कागद धाकट्यास हवा असतो, धाकट्यानें जपून ठेवलेली याद थोरल्यास पाहावयाची असते. आणि ज्या एका कागदावर सारा तंटा मिटावयाचा, तो बहुधा तिसऱ्याच कोणाच्या हातीं असतो. कधीं तो गांवच्या कुळकर्ण्याच्या दप्तरांत सांपडतो, कधीं सावकाराच्या वहींत, तर कधीं माहेरीं परतलेल्या एखाद्या विधवा काकूच्या पेटींत. अशा वेळीं 'तो कागद घेऊन ये' अशी आज्ञा न्यायासनानें करावी काय, आणि तो आल्यावर त्याचें म्हणणें कितपत ऐकावें, या दोन प्रश्नांचा आपल्याकडील इतिहास आजच्या भाषणांत श्रोत्यांपुढें ठेवण्याचा माझा विचार आहे. विषय कायद्याचा आहे खरा. पण तो कायद्याच्या पुस्तकांपेक्षां घराघरांतल्या माळ्यांवरच अधिक घडला आहे.

प्रारंभींच एक भेद ध्यानीं घेतला पाहिजे. समन्स काढून कागद मागविला म्हणजे अर्धा दावा जिंकला, अशी पुष्कळ पक्षकारांची समजूत असते. वस्तुतः कागद न्यायालयांत येणें ही एक गोष्ट, तो चालू वादाशीं संबद्ध असणें ही दुसरी, आणि त्यांत लिहिलेलें खरें ठरणें ही अगदींच निराळी. ज्याला इंग्रजींत सबपीना म्हणतात त्या आज्ञेचा मूळ लॅटिन अर्थ 'शिक्षेच्या भयाखालीं' एवढाच आहे. चौदाव्या शतकांत इंग्लंडांतील चॅन्सरी कोर्टानें ही आज्ञा रूढ केली, आणि तिचा सारा जोर माणसाला अथवा त्याच्या हातांतील कागदाला न्यायाधीशासमोर आणण्यापुरताच आहे. कागदाला जीभ फुटते ती त्यानंतर.

आपल्या धर्मशास्त्रकारांना हा भेद अपरिचित नव्हता. याज्ञवल्क्यानें लेख, भोग आणि साक्षी हीं तीन मानवी प्रमाणें सांगून, तीं नसतील तेथेंच दिव्याकडे वळावें असें म्हटलें आहे. पण आपल्या विषयाशीं अधिक जवळचा आहे तो त्याचा वांटणी नाकारणाऱ्या भावासंबंधींचा नियम. वांटणी झालीच नाहीं असें एकानें म्हटलें तर निर्णय कशावरून करावा? तर ज्ञाती, बांधव, साक्षी, लेख, आणि वेगळीं झालेलीं घरें व शेतें यांवरून. या यादींत लेखाला जागा आहे, परंतु पहिला मान नाहीं. वेगळी चूल आणि वेगळा नांगर हेहि कागदाइतकेच बोलके मानले आहेत. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळीं, अकराव्या शतकाच्या अखेरीस, कल्याणी येथें विज्ञानेश्वरानें याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि पुढें सतराव्या शतकांत मूळ पैठणच्या भट्ट घराण्यांतील नीलकंठानें काशीस व्यवहारमयूख रचला. महाराष्ट्रांतील कुटुंबांच्या मिळकतीचे तंटे इंग्रजी अमदानींतहि या दोन ग्रंथांच्या आधारें तुटत असत. लेख संशयास्पद वाटला तर त्याच मनुष्याच्या दुसऱ्या हस्ताक्षराशीं तो ताडून पाहावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. आणि लेख परदेशीं राहिला असेल तर तो आणण्यासाठीं मुदत द्यावी, असें नारदाचें सांगणें आहे. आजच्या न्यायाधीशाला हीं दोन्ही कामें जवळजवळ रोज करावीं लागतात.

मराठेशाहींत या शास्त्राला गोतसभेचें रूप आलें. पाटिलकी, कुळकर्ण, देशमुखी अशा वतनांवरून भाऊबंदांचे जे तंटे होत, ते त्या परगण्यांतील वतनदार, बलुतेदार आणि सरकारी अंमलदार एकत्र बसून तोडीत. वादी व प्रतिवादी आपापली तकरीर लिहून देत. घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची हकीकत सांगणारा करीना मांडीत. सभा देईल तो निवाडा मान्य करूं असें आधीं कबूल करून घेतलें जाई. मग जुने कागद पुढें येत, शेजारच्या गांवच्या वतनदारांस विचारलें जाई, आणि शेवटीं जो महजर होई त्यावर हजर असलेल्यांचीं नांवें व निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तागडी. हरणारा येजितखत लिहून देई, म्हणजे आपला हक्क नाहीं आणि यापुढें आपण कटकट करणार नाहीं अशी लेखी कबुली देई. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी घेई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. सरकारचें नुकसान कोणत्याच बाजूनें होत नसे, हें जातां जातां सांगितलें पाहिजे.

गोतसभेचें बळ असें कीं ज्यांच्यापुढें कागद वाचला जाई त्यांना ते घराणें ठाऊक असे. आजोबा केव्हां वारले, कोणता मुलगा दत्तक, कोणती जमीन कोणाच्या वहिवाटींत, हें सभेंतल्या वृद्धांच्या तोंडीं असे. कागद खोटा असला तर तो पचविणें सोपें नव्हतें. परंतु याच गोष्टींत सभेची दुर्बलताहि होती. जे घराण्याला ओळखत तेच कोणाचे तरी सोयरे किंवा वैरी असत, आणि म्हणून पक्षकार थळ बदलून मागत. आपल्या गांवचे लोक सोडून दूरच्या पैठणासारख्या क्षेत्रीं निवाडा व्हावा असा हट्ट धरणाऱ्याला पुष्कळदां ओळखीच्या माणसांपेक्षां अनोळखी कागदवाचकांचाच भरंवसा अधिक वाटे. ओळख आणि निःपक्षपात यांतून एकाची निवड करणें हें त्या काळींहि सोपें नव्हतें.

१८१८ सालीं पेशवाई गेली आणि कागदाच्या नशिबाला नवें वळण लागलें. इनाम जमिनी कोणत्या आधारानें चालतात याची इंग्रज सरकारनें चौकशी मांडली. ही चौकशी १८४३ पासून दक्षिण महाराष्ट्रांत सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या ॲक्टानें तिला कायद्याचें बळ मिळालें. जो इनामदार सनद दाखवूं शकेल त्याचें इनाम राहील, बाकीचें खालसा. पिढ्यान् पिढ्या निर्वेध चाललेल्या भोगाला, म्हणजे स्मृतींतल्या तीन प्रमाणांपैकीं एकाला, अशा रीतीनें दुय्यम लेखलें गेलें. याचा घराघरांतील परिणाम मोठा चमत्कारिक झाला. कागद दाखवावा तर त्यांत कांहीं तरी वैगुण्य निघून वतन जाईल, न दाखवावा तर कागद नाहीं म्हणून जाईल. या कचाट्यांत सांपडलेल्या कुटुंबांनीं रुमाल भिंतींत चिणले, कणग्यांत लपविले, आणि मुलांना ताकीद दिली कीं परक्याला कागद दाखवावयाचा नाहीं. पुढें राजवाड्यांसारखे संशोधक मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें गोळा करीत गांवोगांव हिंडूं लागले, तेव्हां त्यांना जीं बंद दारें भेटलीं त्यांच्या कडीला हें जुनें भय लागलेलें होतें. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. इतिहासाला जो कागद हवा होता तोच दाव्यालाहि हवा होता, आणि घरधन्याला तो दोघांपासूनहि लपवावयाचा होता! सरकारच्या हातीं आलेलें अफाट दप्तर मात्र पुण्याच्या पेशवे दप्तरांत सांठत गेलें, आणि रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतून निवडक पत्रांचे ४५ भाग प्रसिद्ध केले.

या पार्श्वभूमीवर १८७२ चा पुराव्याचा कायदा आला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यानें तो रचला आणि १ सप्टेंबर १८७२ पासून तो चालू झाला. कागद मागविण्यासंबंधीं त्यानें घातलेले नियम थोडके पण मार्मिक आहेत. ज्याला कागद घेऊन येण्याचें समन्स लागलें त्याची कितीहि हरकत असो, कागद त्याच्या ताब्यांत असेल तर तो त्यानें आणलाच पाहिजे. हरकत खरी कीं खोटी हें न्यायाधीश ठरवील. नुसता कागद आणून दिल्यानें तो मनुष्य साक्षीदार होत नाहीं, म्हणून त्याची उलटतपासणीहि करतां येत नाहीं. जो दाव्यांत पक्षकार नाहीं अशा त्रयस्थाला त्याच्या स्वतःच्या मिळकतीचे मालकीपत्र दाखविण्याची सक्ती होत नाहीं. दोन भावांच्या भांडणांत आत्याच्या घराचा हक्क उगाच चव्हाट्यावर येऊं नये, हा त्याचा उपयोग. आणि एक नियम तर मला बुद्धिबळांतल्या डावासारखा वाटतो: प्रतिपक्षाला नोटीस देऊन त्याचा कागद मागविला आणि पाहून घेतला, तर प्रतिपक्षाची इच्छा असल्यास तो कागद आपल्याच पुराव्यांत दाखल करावा लागतो. पाहून न आवडला म्हणून परत करतां येत नाहीं. उलट, नोटीस मिळूनहि जो कागद दाबून ठेवतो, त्याला पुढें प्रतिपक्षाच्या संमतीवांचून अथवा कोर्टाच्या हुकुमावांचून तो स्वतःच्या बाजूनें वापरतां येत नाहीं.

घराण्यांच्या वादांत याहूनहि उपयुक्त ठरला तो नात्यासंबंधींच्या जुन्या लेखांचा नियम. मृत माणसानें कुटुंबांतील नातें सांगणारें कांहीं लिहून ठेवलें असेल, मग तें मृत्युपत्र असो, वंशावळ असो कीं थडग्यावरचा लेख असो, तर तें संबद्ध मानावें. मात्र वाद उपस्थित होण्यापूर्वीं तें लिहिलें गेलें असलें पाहिजे. या एका अटींत मनुष्यस्वभावाचें केवढें ज्ञान सांठविलें आहे! भांडण लागल्यावर लिहिलेली वंशावळ ही वकिलाच्या सल्ल्यानें वाढते किंवा खुंटते. भांडणापूर्वीं नाशकास अथवा त्र्यंबकेश्वरीं तीर्थोपाध्यायाच्या वहींत आजोबांनीं मुलांचीं नांवें लिहिलीं तेव्हां त्यांच्या मनांत पिंडदानाखेरीज दुसरें कांहीं नव्हतें. तशीच गोष्ट तीस वर्षांच्या कागदाची. योग्य ठिकाणाहून, म्हणजे जेथें तो स्वाभाविकपणें असावा अशाच ताब्यांतून, तीस वर्षांचा जुना कागद आला तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरें आहे असें न्यायाधीशानें गृहीत धरण्यास हरकत नाहीं. पण सही खरी म्हणून मजकूर खरा असें त्यांतून निघत नाहीं, ही गोष्ट पक्षकार नेहमीं विसरतात. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी तीस वर्षांची ही मर्यादा त्यानें तशीच ठेवली आहे.

हे नियम प्रत्यक्ष एका घराण्यावर कसे कोसळतात, हें पाहावयाचें असेल तर ताईमहाराज प्रकरणाइतकें बोलकें उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासांत दुसरें नाहीं. लोकमान्यांच्या चरित्रांत हें प्रकरण त्यांच्यावरील एक संकट म्हणून येतें, आणि तें योग्यच आहे. पण मूळ वाद एका विधवेच्या घरांतील दत्तकाचा आणि मिळकतीचा होता, हें आपण बाजूस सारूं नये.

बाबामहाराज, म्हणजे वासुदेव हरिहर पंडित, हे पुण्याचे पहिल्या वर्गाचे सरदार. ७ ऑगस्ट १८९७ रोजीं ते पटकीनें वारले. त्याच दिवशीं त्यांनीं मृत्युपत्र केलें आणि टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे व आणखी कांहीं गृहस्थ यांस विश्वस्त नेमलें. टिळक राजद्रोहाच्या आरोपावरून पकडले जाऊन तीनच दिवसांपूर्वीं जामिनावर सुटले होते. अशा वेळीं मित्राच्या शेवटच्या इच्छेला नाहीं म्हणणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा झाल्यास तो वारस. मुलगा न झाला किंवा होऊन वारला, तर विश्वस्तांच्या संमतीनें ताईमहाराजांनीं दत्तक घ्यावा, अशी मृत्युपत्राची योजना होती. १८९८ च्या जानेवारींत मुलगा झाला आणि थोड्याच आठवड्यांत वारला.

जून १९०१ मध्यें टिळक व खापर्डे ताईमहाराजांसह औरंगाबादेस गेले. तें शहर त्या वेळीं निजामच्या राज्यांत होतें, आणि पंडित घराण्याची एक शाखा त्या बाजूस राहत होती. त्या शाखेंतील जगन्नाथ नांवाचा मुलगा त्या महिन्याच्या अखेरीस दत्तक घेण्यांत आला, असें विश्वस्तांचें म्हणणें. पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांचें मन फिरलें, किंवा फिरविलें गेलें. दत्तविधान झालेंच नाहीं, असें त्या सांगूं लागल्या; विश्वस्तांना मिळालेलें प्रोबेट रद्द व्हावें म्हणून त्यांनीं जिल्हा कोर्टांत अर्ज केला; आणि ऑगस्ट १९०१ मध्यें कोल्हापूरकडील शाखेंतील बाळामहाराज यांस त्यांनीं दत्तक घेतलें.

येथें वादाचें स्वरूप नीट पाहण्यासारखें आहे. दत्तक म्हणजे मुलगा मांडीवर देणें व घेणें. हा विधि थोड्या वेळाचा. तो झाल्यावर मागें राहते ती हजर असलेल्यांची आठवण आणि त्या दिवसांत लिहिले गेलेले कागद. म्हणून जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांच्यापुढें सारा जोर कागदांवर आला. औरंगाबादच्या प्रवासाचा जमाखर्च, मुखत्यारपत्र, एकमेकांस लिहिलेलीं पत्रें आणि जबान्या यांचीं पानें उलटसुलट चाळलीं गेलीं. मृत्युपत्राचें प्रोबेट राहावें कीं जावें, एवढाच प्रश्न असतां चौकशीचा रोख टिळकांच्या सचोटीवर वळला. एप्रिल १९०२ मध्यें ॲस्टन यांनीं प्रोबेट रद्द केलें आणि टिळकांवर खोटा पुरावा रचल्याचे व खोटी साक्ष दिल्याचे आरोप ठेवून त्यांस फौजदारी कोर्टाकडे धाडलें. प्रवासखर्चाच्या हिशेबांत मागाहून फेरफार केल्याचा आरोपहि त्यांत होता. मृत सरदाराच्या घरचा जमाखर्च अशा रीतीनें विश्वस्ताच्या तुरुंगवासाचें साधन होऊं पाहत होता.

ऑगस्ट १९०३ मध्यें खास मॅजिस्ट्रेटनें टिळकांस दीड वर्ष सक्तमजुरीची शिक्षा दिली. सेशन्स कोर्टानें ती सहा महिन्यांवर आणली. शेवटीं ४ मार्च १९०४ रोजीं मुंबईच्या हायकोर्टानें, सर लॉरेन्स जेंकिन्स मुख्य न्यायाधीश असतां, ती साफ रद्द केली. दरम्यान १९०३ मध्यें ताईमहाराज वारल्या. दिवाणी दाव्याचा निकाल १९०६ मध्यें विश्वस्तांच्या बाजूनें लागला तेव्हां, जिच्या मांडीवर मूल दिलें गेलें कीं नाहीं हा प्रश्न होता, ती बाई जगांत नव्हती. तिचें जें कांहीं म्हणणें होतें तें पूर्वींच्या कामांत नोंदल्या गेलेल्या ओळींपुरतें उरलें होतें. मला या प्रकरणांत सर्वांत अधिक खिन्न करणारी गोष्ट ही वाटते. तिनें ज्या कागदांवर सह्या केल्या ते बहुतेक दुसऱ्यांनीं योजलेले होते, आधीं विश्वस्तांनीं आणि मागाहून विश्वस्तांच्या विरोधकांनीं. तिचें स्वतःचें मन कोणत्या कागदांत होतें, हें सांगणें त्या काळच्या न्यायाधीशांसहि कठीण गेलें असेल.

अपिलांत १९१० सालीं मुंबई हायकोर्टानें खालचा निकाल फिरवून विश्वस्तांवर कटाचा ठपका ठेवला. टिळक त्या वेळीं मंडालेच्या तुरुंगांत होते. तेथून सुटून आल्यावर, २६ मार्च १९१५ रोजीं, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें हायकोर्टाचा निकाल रद्द केला आणि औरंगाबादचें दत्तविधान खरें मानलें. निकालपत्र लॉर्ड शॉ यांचें होतें. मागील जबान्या आणि कागद यांतील विसंगति दाखवून साक्षीदार खोटा ठरवावयाचा असेल तर, तो शपथेवर उभा असतांनाच तो विशिष्ट कागद, तो विशिष्ट भाग त्याच्यापुढें ठेवला पाहिजे आणि त्याला खुलाशाची संधि दिली पाहिजे, हें तत्त्व त्यांनीं तेथें मांडलें. कायद्यांत तें लिहिलेलें असूनहि या प्रकरणीं पाळलें गेलें नाहीं, याबद्दल त्यांनीं खेद व आश्चर्य व्यक्त केलें. मागविलेला कागद पाठीमागून फेंकून मारतां येत नाहीं, तो समोरून दाखवावा लागतो, एवढा सोपा त्याचा अर्थ आहे. आजहि भारतांतील न्यायालयें उलटतपासणीचा हा नियम सांगतांना याच निकालाचा आधार घेतात. एका पुणेरी सरदाराच्या घरांतील भांडणांतून देशाच्या पुराव्याच्या कायद्याला हें दान मिळालें. त्या घराला काय मिळालें हा प्रश्न निराळा. पंडितांच्या मिळकतीचें काम त्यानंतरहि संपलें नाहीं. १९२० च्या जुलैंत टिळक मुंबईस गेले ते याच प्रकरणासाठीं, आणि तेथेंच १ ऑगस्टला त्यांचा अंत झाला.

याच लॉर्ड शॉ यांनीं दोन वर्षांनीं, १९१७ मध्यें, मद्रासकडील एका मठाच्या अपिलांत दुसरी बाजू सांगितली. हिंदुस्थानांतील दाव्यांत महत्त्वाचे कागद ज्याच्याजवळ असतात तो ते दाबून बसतो, आणि शाबितीचा बोजा माझ्यावर नाहीं असें म्हणून हात झटकतो. ही रीत वाईट असून जो पक्षकार आहे त्यानें आपल्याजवळचा उत्तम पुरावा कोर्टापुढें ठेवलाच पाहिजे, असा त्यांचा अभिप्राय होता. कल्याणजवळच्या हाजी मलंग दर्ग्याच्या वहिवाटीसंबंधीं १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हेंच तत्त्व उचललें. उत्पन्नाचे हिशेब ज्याच्याजवळ होते त्यानें ते हजर केले नाहींत; मला कोणी मागितले नाहींत, हें त्याचें उत्तर चाललें नाहीं. न आणलेला कागद आणणाऱ्याच्या विरुद्धच बोलला असता, असें न्यायालयानें मानलें. आपल्या जुन्या घरांतील, थोरल्या भावाच्या उशाशीं असणाऱ्या हिशेबाच्या वह्यांना हा नियम किती लागू पडतो, हें एकत्र कुटुंब पाहिलेल्या श्रोत्यांस सांगावयास नको.

आजच्या काळांत या प्रश्नाला जी नवी धार आली आहे ती मुलींच्या हक्कामुळें. २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणें सहदायाद झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, बाप २००५ पूर्वीं वारला असला तरी तिचा हक्क राहतो, असें स्पष्ट केलें. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वीं झालेल्या वांटणीला कायद्यानें हात लावलेला नाहीं. झालें! बहिणीनें हिस्सा मागतांच कोठून तरी एक पिवळा कागद निघूं लागला कीं वांटणी वडिलांच्या हयातींतच झाली होती. हें कायदेमंडळानें आधींच ओळखलें होतें. म्हणून वांटणी म्हणजे नोंदणी केलेल्या दस्तानें किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानें झालेली, असें त्यानें लिहून ठेवलें. तोंडी वांटणी अपवाद म्हणूनच मानावयाची, आणि तीहि सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तर, असें २०२० च्या निकालानें सांगितलें. अशा दाव्यांत तलाठ्याकडील फेरफार, दुय्यम निबंधकाकडील नोंद, बँकेचें खातें हीं समन्सनें मागविलीं जातात. त्यांचें वजन मात्र सारखें नसतें. सातबाऱ्यावर एकट्या भावाचें नांव आहे एवढ्यावरून मालकी ठरत नाहीं, कारण ती नोंद सरकारी वसुलासाठीं आहे. परंतु सर्वांचीं नांवें वेगवेगळ्या गटांवर लागून वर्षानुवर्षें सारा वेगळा भरला गेला असेल, तर ती याज्ञवल्क्याच्या वेगळ्या शेतांचीच साक्ष होय.

पतिपत्नींच्या मिळकतीच्या वादांत तर दार आणखी रुंद झालें आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानें त्या न्यायालयास असा अधिकार दिला कीं, वाद नीट सोडविण्यास उपयोगी पडेल असा कोणताहि लेख, पुराव्याच्या कायद्याप्रमाणें तो संबद्ध वा ग्राह्य असो नसो, त्यानें पाहावा. गोतसभेला जी मोकळीक होती ती येथें निराळ्या वेषांत परत आली असें मला वाटतें; फरक एवढाच कीं येथें न्यायाधीशाला ते घर माहीत नसतें. आणि १९१५ चा नियम येथें सोडला, तर ही मोकळीक जाचक झाल्यावांचून राहणार नाहीं.

एक अडचण मात्र कोणत्याहि कायद्यानें सुटलेली नाहीं. समन्स निघतें, दप्तरखान्यांतून शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींचें वांटणीपत्र येतें, तें प्रतिपक्षास दाखविलें जातें, आणि मग असें दिसतें कीं तें मोडींत आहे. दोन्हीं बाजूंच्या वकिलांस तें वाचतां येत नाहीं, न्यायाधीशांसहि नाहीं, आणि ज्यांच्या आजोबांनीं तें लिहिलें ते भाऊ तर त्याकडे नुसते पाहत राहतात. मग मोडी जाणणारा मनुष्य शोधावयाचा, त्याच्याकडून बाळबोध लिप्यंतर करवून घ्यावयाचें, त्यावर प्रतिपक्षानें हरकत घ्यावयाची, आणि एका काना-मात्रेच्या वाचनावर पुढची तारीख पडावयाची.